रिकाम्या बॉबिनवर चालणारे पाय

मालकांनी मी शिवून आणलेल्या शर्टाची बाही धरली आणि ओढली. बाही त्यांच्या हातात आली.

"बघा," ते समोर बसलेल्या दोन गुरुजींना म्हणाले, "ही घरून काम करणारीची शिवण."

गुरुजी शाळेच्या गणवेशाची ऑर्डर द्यायला आले होते. ते हसले. दुकानात कापड कापणारे कटिंग मास्तर हसले. मी कापलेल्या मालाचा नवा गठ्ठा पोटाशी धरून उभी. मालकांनी दुसरी बाही ओढली. तीही आली.

"काय गं, दिवसभर मशीनवर बसलेली दिसतेस की. शिवतेस का नुसतं सोंग करतेस?"

मला उत्तर माहीत होतं. तोंडातून निघालं नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही. लहानपणापासूनचं आहे ते.

ते उत्तर इथं लिहिते.

आधी आम्ही बायका नेवाशाला मालकांच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून शिवायचो. लॉकडाऊनमध्ये शेड बंद झालं आणि कापलेला माल घरी यायला लागला. आपलं घर, आपली पायमशीन. भाजी चुलीवर ठेवून शिवायला बसायचं, भाकरी थापून पुन्हा बसायचं. जायचा-यायचा वेळ वाचायचा. माल जास्तच निघायचा, मालकही तसं म्हणायचे. तरी घरात बसलेली बाई काम करत असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना.

मग त्यांनी प्रत्येकीला एक मोबाईल दिला. कॅमेरा चालू ठेवून मशीनसमोर स्टँडला लावायचा. बंद करायचा नाही, जागचा हलवायचा नाही.

माझी शेजारीण अलका म्हणाली, "साहेब, घरातलं समदं दिसन की त्यात."

"फक्त मशीन दिसतं. माझा मुलगा पुण्याच्या कंपनीत आहे, तोही घरूनच काम करतो. त्याच्यावरही कंपनीचं असंच लक्ष असतं. इंजिनिअर असून कुरकुर करत नाही. आणि तुमच्या वस्तीतल्या बायांवर तर डोळा ठेवावाच लागतो."

तुमच्या वस्तीतल्या. हे शब्द मी शाळेतही ऐकले होते. चौथीत. पाण्याच्या माठाजवळ. पुढं शाळेत गेलेच नाही.

त्यांच्या मुलाच्या खोलीला दार असेल. आमचं घर म्हणजे एकच खोली. मशीन, चूल, खाट, मोरी, सगळं तिच्यातच.

मोबाईल लागला आणि माझा हात बिघडला. पाठ सरळ करायला उठले की त्यातून मालकांचा आवाज, "कुठं निघालीस?" खालच्या दोऱ्याची बॉबिन भरायला खाली वाकले की आवाज, "दिसत नाहीस." मग खालचा दोरा संपला तरी पाय चालवत राहायचं. आम्ही सगळ्याच तसं करायला लागलो. वरचा दोरा नुसता कापडावर पडतो, खालून धरायला काही नसतं. लांबून शिवण दिसते. ओढली की सुटते. मग तेच पुन्हा शिवायचं. एखादं राहून जातं.

मालकांना चालणारे पाय हवे होते. ते त्यांना मिळत होते.

पुढं मला संशय यायला लागला. माल द्यायला गेले की कटिंग मास्तर विचारायचे, "काय वहिनी, मांजरीची पिल्लं बरी हायेत का?" मांजर मशीनपासून लांब, खाटेखाली व्याली होती. एकदा मालक म्हणाले, "रोज मेथीच करतेस का गं?" घरी येऊन मी मोबाईलपुढं उभी राहिले आणि त्याच्या जागेवरून खोलीकडं पाहिलं. त्याला कुठवर दिसतं, कळेना. त्या दिवसापासून स्वतःच्या घरात पदर सावरत वावरायला लागले. लेकीला मात्र मी आधीच सांगून ठेवलं होतं, मोबाईल फक्त मशीनकडं बघतो. ती त्यावर विसंबून होती.

तर गुरुजींसमोर दोन्ही बाह्या टेबलावर पडल्या होत्या. माझी मान खाली. "आमच्याकडं सगळं नजरेखाली असतं, गुरुजी," मालक म्हणाले आणि काउंटरच्या आतला टीव्ही त्यांनी बाहेर वळवला. आम्हा बायकांना त्याची नेहमी पाठच दिसायची.

टीव्हीवर चौकोन होते. प्रत्येकात एक घर. एकात अलका मशीनवर वाकलेली, मागं तिची सासू उघड्या पाठीनं शेक घेत होती. एकात नुसती मशीन, मागं निळी भिंत, खाट, मोरी. माझं घर.

त्या चौकोनातलं दार उघडलं. माझी लेक शाळेतून आली. दप्तर ठेवलं. मग वळून तिनं दार लावलं आणि कडी घातली. कपडे बदलताना बाहेरच्या कुणी बघू नये म्हणून.

कटिंग मास्तरांनी चहाचा कप घेऊन नेमकी तेव्हाच मान वर केली. तिची शाळा कधी सुटते हे त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटलं. अजून वाटतं.

मी गठ्ठा खाली टाकला, काउंटरच्या आत गेले आणि टीव्हीची वायर उपटली.

"अगं ए! हात लावू नकोस!" मालक ओरडले. "कोण बघतंय तुमची घरं? बघण्यासारखं आहे तरी काय तिथं?"

वायर माझ्या हातातच होती.

"मंग लावलाय कशाला?" मी म्हणाले.

गुरुजी टेबलावरच्या बाह्यांकडं बघत बसले.

"काम बंद तुझं."

"व्हय. बंदच."

मी निघाल्यावर त्यांनी वायर परत लावली असेल का? वस्तीकडच्या काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर वाटभर हेच. घरात शिरले आणि आधी मोबाईल पिठाच्या डब्यात घातला. दुसऱ्या दिवशी तसाच, न पुसता, पाठवून दिला.

आता मी वस्तीतल्या बायांची पोलकी शिवते. काम थोडं आहे. मालकांनी मला कामचुकार ठरवलंय, ते माझ्यापर्यंत आलंय. अलकाच्या घरात मोबाईल अजून आहे. "मला न्हाई जमायचं गं काम सोडाया," ती म्हणते. तिच्या सासूची पाठ कुणीकुणी पाहिली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझीच जीभ उचलत नव्हती.

उद्या जाणार आहे. दुपारी, तिची मशीन चालू असताना. त्या मोबाईलच्या पुढ्यात उभी राहून, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन, मोठ्यानं सांगणार, टीव्हीवर काय दिसतं आणि चहा पीत कोण बघतं. मग पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक मोबाईलपुढं.

मालकांना आमचं काम बघायचं असतं ना. हेही बघू दे.