खोपीच्या दारावरच्या दोन रेघा

मी लेखक नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर सलग चार पानेही मी कधी लिहिलेली नाहीत. त्यातून गुलाबमामाविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हेही कळत नाही. तो का नसावा, ते पुढे येईलच. वाचकांनी या धिटाईची क्षमा करावी. मामाला जाऊन दीड महिना झाला... आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

मामा माझ्या आईचा थोरला भाऊ. भातकुलीच्या वाटेवर विहिरीकाठी त्याचा मळा होता. वांगी, मेथी आणि बांधाला झेंडू. टोपल्या भरून तो अमरावतीच्या बाजारात बसायचा. एखाद्या बाईने वांगे दाबून पाहिले की म्हणायचा, "काहून दाबता बाई? त्याले काय ताप आला?" शाळा त्याने पाहिली नव्हती, पण माझ्या हाती पाटी त्यानेच दिली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा तो साऱ्या बाजाराला सांगत सुटला, "आमचा भाचा झाडाचा डाक्टर होऊन राह्यला!"

दोन वर्षांमागे वांग्यावर अळी पडली आणि मामाने परदेशातून आलेल्या औषधाचा डबा आणला. वरचे इंग्रजी मी अडखळत वाचू लागलो, तसा तो हसला.

"पोथी राहू दे रे. देव कोनता अन् निवद किती, तेवढं सांग."

डब्यावरच्या मापांचा हिशेब करून मी औषध त्याच डब्याच्या झाकणाने मोजून दिले आणि मळ्यातल्या खोपीच्या दारावर चुन्याने लिहिले : एका पंपाला दोन झाकणे. मामाने चुन्यात बोट बुडवून खाली दोन रेघा ओढल्या. "अक्षरं तुये, रेघा माह्या. आता मी बी वाचतो, पाह्य!"

यंदा परीक्षेच्या तोंडावर त्याचे कार्ड आले, शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले. जुना डबा संपला, नवा आणला आहे, एकदा येऊन पाहून जा. घाई नाही, नाव तेच आणि अळीचे चित्रही तेच. मी उलट टपाली कळवले की पेपर संपले की येतो.

शेवटचा पेपर देऊन खोलीवर आलो तर तार येऊन पडली होती.

मळ्यात पोचलो तेव्हा सारे आटोपले होते. मामी दाराशी बसून होती. फवारता फवारता मामाचा सदरा भिजला, घाम सुटला, वांत्या झाल्या, मग डोळ्यांपुढे अंधारी... बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "दोनच टाकले रे त्यानं. म्या पाह्यलं. तुह्या लिवन्याबाहीर गेला नाही तो."

दोन्ही डबे मी अकोल्याला आमच्या सरांकडे नेले. त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. नाव एकच, चित्र एकच. पण दुसरा डबा दुसऱ्याच देशातला होता. त्यातले औषध दुपटीहून तीव्र, मापे निराळी आणि झाकणही मोठे. पहिल्यावर धोक्याची लाल खूण ठसठशीत होती, दुसऱ्यावर बारीक अक्षरात एक ओळ. सरांनी दोन्ही झाकणे एकात एक ठेवून पाहिली. मग म्हणाले, "समुद्र ओलांडला की कायदा बदलतो. विष बदलत नाही." साऱ्या देशांनी मिळून एकच माप आणि एकच खूण ठरवावी, असा अर्ज त्यांनी दिल्लीला पाठवला. सोबत जोडायची दोन्ही लेबले मीच पाण्यात भिजवून सोडवली. मी आठ दिवस आधी गेलो असतो तर ती मला मळ्यातच वाचता आली असती, हे मी सरांना सांगू शकलो नाही. मामीलाही नाही. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात मळ्यात गेलो आणि ओला फडका घेऊन खोपीच्या दारापाशी उभा राहिलो. मामीने माझा हात धरला. "तुये अक्षरं पुसाचे तर पुस. रेघा राहू दे. त्याच्या हातचं तेवढंच हाय."

मी अक्षरे पुसली. रेघा आहेत.

परवा दिल्लीहून सरांना उत्तर आले. विषय अनेक देशांचा असल्याने त्याला वेळ लागेल. तोवर शेतकऱ्याने डब्यावरचा मजकूर स्वतः नीट वाचून घ्यावा, एवढेच त्यात कळवले आहे.