रोझलीननं काढलेला प्लग

पाचूबंदरला मासळी विकणाऱ्या रोझलीनचा लेक नेल्सन कॉलेजच्या प्रयोगासाठी तीन चिमुकले संगणक मांडून बसला होता. एक माहिती मागणारं, एक देणारं, एक मधला निरोप्या. माहिती मागायची ती कुठल्या यंत्राकडे आहे त्या पत्त्यानं नव्हे, तिच्या नावानं: ‘आजची भरती’. पहिलं उत्तर आलं, तेवढ्यात वाटण वाटायला रोझलीननं देणाऱ्याचा प्लग काढून मिक्सर लावला. नेल्सननं कपाळाला हात लावला. पुन्हा विचारलं, तरी उत्तर आलंच. मधल्यानं ते जपून ठेवलं होतं.

“त्यात नवल काय?” रोझलीन म्हणाली. “माझं दार बंद असलं तरी माझ्या हातचा मसाला शेजारीण तिच्याकडच्या बरणीतून देतेच की.”

नेल्सननं अहवालात लिहिलं, ‘चाचणी घेणारी: रोझलीन’. तो कागद ती बाजारभर दाखवते. पण मासळीचे हात धुतल्याशिवाय तो कुणाला शिवू देत नाही.