ओर्लेआँ बेटाची चक्कर

मी फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातल्या लव्हालला आलो तो मित्रामुळे. पुण्याला इंजिनिअरिंगला असताना आम्ही होस्टेलच्या एकाच खोलीत राहत होतो. नंतर तो क्युबेकला गेला आणि मी ऑन्टारिओत ग्वेल्फला. ग्वेल्फला माझं बरं चाललं होतं. कंपनी लहान होती पण माणसं चांगली होती, लेक शाळेत रमली होती. तरी ह्याचे दर आठवड्याला फोन यायचे. "त्या गावात किती दिवस कुजणार आहेस? इकडे ये, माझ्या टीममध्ये जागा आहे. फ्रेंचचं मी बघतो." त्याचं फ्रेंच उत्तम होतं. नोकरी सांभाळून तो ते शिकला होता, आणि त्या जोरावर मॅनेजर झाला होता. बायको म्हणाली, "भाऊजी आहेत तिथे. परक्या गावात ओळखीचं घर असलं की बरं." आम्ही सामान बांधलं.

पहिली काही वर्षं खरोखरच चांगली गेली, हे मला कबूल करायला हवं. रोड बायकिंगचा नाद त्यानेच मला लावला. हलकी सायकल, क्लिपचे बूट, घट्ट कपडे, सगळं त्याने बरोबर येऊन निवडून दिलं. उन्हाळ्यातले शनिवार आम्ही सायकलवर काढायचो. त्याला जुन्या वास्तूंचं वेड होतं. दगडी चर्च दिसलं, पवनचक्की दिसली, की हा थांबणार, तिथली पाटी फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचणार आणि मग मला मराठीत सांगणार. सायकल मात्र तो वेगाने मारायचा. चढावर मला मागे टाकायचा आणि वर जाऊन पाणी पीत बसायचा. मी धापा टाकत पोचलो की म्हणायचा, "आलात? मला वाटलं बसने येताय."

ओर्लेआँ बेटाला चक्कर मारायचं आमचं बरेच दिवस चाललं होतं. क्युबेक शहराजवळ, सेंट लॉरेन्स नदीच्या मधोमध ते बेट आहे. एका पुलावरून आत शिरायचं, काठाकाठाने सगळ्या गावांतून फिरायचं आणि त्याच पुलाशी परत यायचं. फ्रान्समधून पहिल्यांदा आलेल्या शेतकऱ्यांची घरं तिथे अजून उभी आहेत. २००९च्या जूनमधला एक शनिवार ठरला. पहाटे त्याच्या गाडीच्या रॅकवर दोन्ही सायकली चढवल्या आणि निघालो.

गाडीत तो गप्प होता. झोप झाली नसेल असं मला वाटलं.

पुलानंतर लगेच मोठा चढ आहे, आणि त्या चढावर तो पहिल्यांदाच माझ्याबरोबर राहिला. दक्षिणेच्या बाजूला नदीवरून समोरचा वारा येत होता. तिथे तो पुढे झाला आणि वेग बेताचा ठेवून चालवत राहिला, म्हणजे मला त्याच्या आड वारा लागू नये. मी म्हटलं, "तू सुट पुढे, मी येतो." तो मागे न बघता म्हणाला, "राहा मागे. पाय राखून ठेव." मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. चाळिशीला आलेला माणूस आणि असा मित्र असावा, असं काहीतरी मनात आलं होतं.

एका गावात नदीला लागूनच चर्च होतं. लाल छप्पर, मागे खलाशांच्या कबरी. तिथे पाटी होती. इंग्रजांची जहाजं येणार म्हणून बेटावरच्या लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं, लोक गुरंढोरं घेऊन पलीकडच्या किनाऱ्याला गेले, असं त्याने वाचून सांगितलं. पुढे जुन्या जमीनदाराचं दगडी घर लागलं. त्याच्या आवारात बसून आम्ही बायकोने दिलेल्या गुळपोळ्या खाल्ल्या. बाहेर शेतकऱ्याच्या टपरीवर त्याने मोसमातल्या पहिल्या स्ट्रॉबेऱ्या घेतल्या, एक टोपली आमच्यासाठी आणि एक माझ्या घरी न्यायला.

तिथेच मी त्याला बातमी दिली. तोवर मुद्दाम सांगितली नव्हती, सगळं नक्की व्हायची वाट बघत होतो.

"सोमवारी सह्या करायला नोटरीकडे जातोय," मी म्हटलं. "घर घेतलं. तुझ्या घरापासून दोन गल्ल्या. बेसमेंट आहे, मागे मेपल आहे. पोरीने खोलीचा रंगसुद्धा ठरवलाय."

तो स्ट्रॉबेरीचं देठ काढत होता. थोडा वेळ काढतच राहिला.

"सोमवारी?" तो म्हणाला.

"सोमवारी सकाळी. रजा टाकलीय ना मी, तुलाच पाठवली होती."

"हो. छान. वहिनी खूश असतील."

एवढंच. मग तो उठून बाटल्या भरायला गेला. परतीच्या वाटेवर एका चर्चला तीन मनोरे होते, तिथे त्याने माझा फोटो काढला. पाटी वाचली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नेहमीचंच असतं रे."

सोमवारी आम्ही सह्या केल्या. मंगळवारी सकाळी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. आत एचआरची बाई होती आणि तिच्या शेजारी तो. समोरच्या कागदावरून त्याने मला इंग्रजीत वाचून दाखवलं. कंपनीवर आलेली वेळ, रद्द झालेली पदं, आजवरच्या कामाबद्दल आभार. इतक्या वर्षांत तो माझ्याशी इंग्रजीत बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

मी मराठीत विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

त्या बाईने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "लेट्स कीप धिस इन इंग्लिश, प्लीज."

संध्याकाळी तो घरी आला. आत ये म्हटलं नाही. पार्किंगमध्येच उभे राहिलो.

"गुरुवारी नक्की झालं," तो म्हणाला. "बोलायची बंदी होती. बोललो असतो तर माझीही गेली असती."

"नावं कुणी दिली?"

"टीममधून दोन द्यायची होती. अरे, पुढचे सगळे क्लायंट इथले आहेत. ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांना तसंही अवघड जाणार होतं."

"मग शनिवारी कशाला आलास माझ्याबरोबर?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, निदान एक दिवस तरी तुझा चांगला जावा."

त्याने मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्या वाक्याने काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आवडलेला तो अख्खा दिवस, तो अडवलेला वारा, सगळं त्याने मला घातलेलं जेवण होतं, नोकरीवरून काढायच्या आधीचं. आणि मी मित्र मित्र म्हणत ते पोटभर जेवलो होतो. तो काही बोलला असता, अगदी "सोमवारची सही जरा पुढे ढकल, कारण विचारू नको," एवढं म्हणाला असता, तरी मला कळलं असतं. त्याला बंदी मोडावी लागली नसती.

त्या घरात आम्ही हिवाळ्यापर्यंत राहिलो. फ्रेंचशिवाय तिथे काम मिळेना. ओटावाला, कनाटा उपनगरात मिळालं, आधीपेक्षा खालचं. घर विकून भाड्याच्या कॉन्डोत आलो. लेक रडली नाही. तिने फक्त विचारलं, "डॅड, आर वी मूव्हिंग अगेन?" आणि स्वतःची खोकी स्वतः भरली. सायकल मी जाहिरात देऊन विकून टाकली.

तीनेक वर्षांनी ओटावाच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला तो आला. शाळेच्या जिममध्ये फराळाची रांग होती, तिथे त्याने मला गाठलं. जाड झाला होता.

"अजून राग आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"माझ्या जागी असतास तर तू काय केलं असतंस?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. "पण जेवायला बसलो नसतो तुझ्या शेजारी."

तो ताटली घेऊन आपल्या लोकांकडे गेला.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या बायकोशी तिचं अजून बोलणं असतं. "त्यालाही घर आहे, पोरं आहेत," ती म्हणते. "दोघांच्या नोकऱ्या जाऊन कुणाचं भलं झालं असतं?" तिचं बरोबर असेल. त्या दोघी रविवारी फोनवर बोलतात, मुलांच्या युनिव्हर्सिट्या, गुडघे, चकलीची भाजणी. आतल्या खोलीतून तिचं हसणं ऐकू येतं. मग मी कोट चढवतो आणि बर्फ असो नसो, गाडी पुसायला खाली जातो.