पिकअपचे पाटे, बाबांची कंबर आणि मुरबाडच्या पुढचा फाटा

पिकअपचं सस्पेन्शन बदलायचं मी दिवाळीत ठरवलं, काकांचा फोन आला तेव्हा. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथून सहा किलोमीटर आत आमचं गाव. काकांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, दादा येतोय ना. बाबांनी सांगितलं, बघतो. मग फोन ठेवून ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी सांगितलं की खड्ड्यांतून प्रवास टाळा. कल्याणमध्ये राहणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे घरीच बसा असं सांगणं. बाबा खरोखरच घरी बसले. आमच्या मोहन्यातला जुना कारखाना बंद होईपर्यंत ज्या माणसाने त्याचा ट्रक चालवला, तो आता रिक्षात बसायलाही घाबरू लागला. कारण विचारलं तर म्हणायचे, कंटाळा येतो.

माझ्याकडे सेकंडहँड पिकअप आहे, पुढे पाच जणांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला. मी सोलर पंप दुरुस्त करतो आणि शहापूर-मुरबाडकडच्या शेतांवर फिरतो. मूळ गाडीचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मालासाठी बनवलेले असतात. रिकामी गाडी खड्ड्यात गेली की मागच्या सीटवरचा माणूस छताशी बोलून येतो. कच्च्या रस्त्यावर जाणारे हौशी लोक बाहेरून नवे पाटे आणि शॉकअप बसवून घेतात आणि गाडी बरीच सुधारते, असं मी वाचलं. बरंच वाचलं. वहीत तेवीस प्रश्न लिहिले. खरा पहिला प्रश्न वहीत नव्हता: सहा किलोमीटरचा तो रस्ता बाबांना सोसेल का?

हे मी घरात सांगितलं नाही. त्यांच्यासाठी आणलेली कडक गादी बाबांनी न झोपता दुकानात परत पाठवली होती. कमरेसाठी एवढा खर्च करतोय म्हटलं असतं तर त्यांनी गाडीची चावीच लपवली असती. म्हणून मी सांगितलं की मला बॅटऱ्या वाहायचं नवीन काम मिळतंय, त्यासाठी सस्पेन्शन हवं. साधं, पटण्यासारखं खोटं. ते मला किती महागात पडणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

पहिला शनिवार, मोहने ते वागळे इस्टेट.

सकाळी आठला ठाण्यातल्या सस्पेन्शनच्या दुकानाकडे निघायचं होतं. साडेसातला बाबा पँट-शर्ट घालून, कमरेला पट्टा बांधून दारात उभे.

"तू एकटा गेलास तर ते तुला गंडवतील," ते म्हणाले. "चेहऱ्यावरच लिहिलंय तुझ्या."

आईने मला डोळ्यांनी खुणावलं की नेऊ नकोस, आणि तोंडाने म्हणाली, जाऊ दे, तेवढीच हवापालट. मी पुढची सीट मागे टेकवली, उशी ठेवली, दुसरी उशी ठेवली. बाबांनी दुसरी उशी मागे फेकली.

जाणाऱ्यांसाठी: शहाडवरून दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजनोली नाका, मग हायवेने माजिवडा आणि वागळे इस्टेट. अंतर पाहिलं तर तास पुरेल असं वाटतं. दोन तास धरा. नाश्ता घरून करून निघा, कारण कोनगावात ट्रकच्या मागे अडकल्यावर फक्त धूर मिळतो. मी ताशी वीसने चालवत होतो. एक टेम्पोवाला शेजारून जाताना म्हणाला, गाडी नवरदेवाची आहे काय. बाबा हसले, पण त्यांचा डावा हात दाराच्या वरच्या मुठीला होता आणि तो माजिवड्यापर्यंत सुटला नाही.

दुकान एका गल्लीत, दोन छापखान्यांच्या मधे. मालक पेडणेकर, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी माझी वही पाहिली आणि खुर्ची दिली. तेवीसपैकी सतरा प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तरं होती. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून मोजकी सांगतो. गाडीची उंची मनाला येईल तेवढी वाढवू नका. आरटीओ आणि विमा दोन्हीकडे आधी विचारा. पुढे लोखंडी बंपर असेल तर पुढची स्प्रिंग जाड लागते, नसेल तर उगाच घेऊ नका. शॉकअप आणि पाटे एकाच बनावटीचे, एकमेकांना साजेसे घ्या. चारही चाकांचं सगळं मिळून, मजुरीसकट, माझी दोन वर्षांची भिशी संपली.

मग त्यांनी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. मागे कायम किती वजन असतं? पाटे त्यावरच ठरतात. हौदा बहुतेक वेळा रिकामा असेल तर हलके पाटे, दोनशे किलोपर्यंत मधले, त्याच्या वर भारी. भारी पाट्यांवर वजनच नसेल तर ते वाकत नाहीत, आणि मग जो दणका पाट्याने खायचा तो माणूस खातो.

माझ्या हौद्यात असतं काय? एक शिडी आणि एक हत्यारांची पेटी. मी तोंड उघडलं, हलके म्हणणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "भारी द्या. ह्याला बॅटऱ्या न्यायच्यात."

मी म्हटलं की मधले पुरतील. बाबांनी पेडणेकरांना समजावलं की पोराला धंद्याची समज कमी आहे, आज बॅटऱ्या दहा असतील तर उद्या वीस होतील. कारखान्याचा ट्रक, रसायनाची पिंपं, घाट, तुटलेला पाटा आणि त्यावर त्यांनी बांधलेला लाकडाचा ओंडका, सगळं निघालं. दोन वर्षांत मी बाबांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पेडणेकर माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला ती शेवटची संधी होती.

मी मान डोलावली. भारी.

पुढचा गुरुवार, बसवण्याचा दिवस.

बाबा पुन्हा सोबत. रफीकभाई नावाचे मिस्त्री, हातात पाना आणि तोंडात सुपारी. गाडी वर घेतली, चाकं काढली, जुने पाटे उतरवले. मी आधी टेपने चारही चाकांपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजून वहीत लिहिली. रफीकभाईंनी विचारलं, कपडे शिवायचे आहेत काय गाडीला. बाबा खुर्चीत बसून कुठला बोल्ट गंजला आहे ते सांगत होते, आणि बहुतेक बरोबर सांगत होते.

एक गोष्ट माझ्या मनात टोचत होती. पाट्यांच्या दोन टोकांना रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं, गाडी कडक होते आणि बुश लवकर फाटतात. रफीकभाई वरच आवळत होते. मी बावीस वेळा सांगायचं ठरवलं. ते माझ्या जन्माआधीपासून हे काम करतात आणि मी बारावीत शाळा सोडलेला. मी चहा मागवला.

अडीचला निघालो. उंच झालेल्या गाडीत बसताना बाबांना दीड इंच जास्त चढावं लागलं, ते "मस्त" म्हणाले. नितीन कंपनी जंक्शनच्या पुलाच्या सांध्यावर गाडी उडाली. बाबा म्हणाले, "मस्त. ताकद आहे." माजिवड्याला पुन्हा. तिथे ते फक्त "मस्त" म्हणाले. त्यानंतर रांजनोलीपर्यंत काहीच म्हणाले नाहीत, आणि मी वळून बघितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून खालचा ओठ दातांत धरला होता.

रांजनोलीच्या पुढे टपरी दिसली, मी गाडी बाजूला घेतली. बाबा उतरले, बसले नाहीत. हौद्याला पाठ लावून उभ्याने चहा घेतला.

"बॅटऱ्या भरल्या की मऊ होईल," ते म्हणाले. "रिकामी आहे म्हणून उडते."

मी म्हटलं, "बाबा, बॅटऱ्या नाहीत."

"कधी येणार?"

"नाहीतच. काम नाही मिळालेलं. मी ते गावाला जायला करत होतो. तुम्हाला न्यायला."

शेजारी एक ट्रक सुरू झाला आणि गेला. बाबांनी चहा संपवला, ग्लास टपरीवर ठेवला, हात पुसले. मला वाटलं आता चिडतील.

"गाढवा," ते म्हणाले. "मग मला भांडू कशाला दिलंस? मी तुझ्यासाठी भारी मागत होतो. मला काय हौस आहे उडायची?"

ते गाडीत चढले, या वेळी मी हात दिला तो घेतला, आणि म्हणाले, "फिरव."

मी म्हटलं की आज नको, पुन्हा तोच रस्ता, पुढच्या आठवड्यात मी एकटा जाऊन येईन. ते म्हणाले, एकटा जाशील आणि चहा मागवून येशील.

साडेचारला आम्ही परत गल्लीत. पेडणेकर बाहेर आले, गाडी पाहिली, बाबांना पाहिलं आणि हात जोडले. साहेब, आता अजून दोन पाटे वाढवायचेत का? बाबांनी न लाजता सांगितलं की कमी करायचेत, माल बदलला. पेडणेकरांनी विचारलं, आता काय माल? बाबांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

भारी संचातला सगळ्यात खालचा जाड पाटा काढता येतो, हे रफीकभाईंनी सांगितलं. मग मधला बोल्ट लांब पडतो, म्हणून आखूड बोल्ट शोधण्यात अर्धा तास गेला. तो सापडल्यावर रफीकभाई पुन्हा गाडी वर असतानाच बुशचे बोल्ट आवळायला लागले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी छापखान्याकडे पाहिलं.

"रफीकभाई," मी म्हटलं, "गाडी खाली उतरवून आवळू या का? म्हणजे वजन आल्यावर."

रफीकभाई थांबले. मग म्हणाले, "सुबह से बोलना था ना. मेरेको लगा तुमको जल्दी है." गाडी खाली आली. चारही टोकांचे बोल्ट सैल करून, गाडी दोनदा दाबून, मग आवळले. बाबांनी पेडणेकरांना सांगितलं की पोरगा वाचतो बरंच.

(पाचशे किलोमीटरनंतर पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि चाकांचं अलाइनमेंट तपासा. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मी तिन्ही केलं. यू-बोल्ट दोनदा.)

जानेवारीतला रविवार, मोहने ते गाव.

आई मागे, बाबा पुढे. आईने साडी सावरत चढताना विचारलं की ही गाडी आहे की माळा. पायरी लावून घ्या, जमलं तर आधीच. सकाळी साडेसहाला निघालात तर म्हारळ, कांबा, रायते रिकामं मिळतं. गोवेलीच्या पुढे वडापाव, मुरबाडला मिसळ. बाबांनी दोन्ही खाल्लं. मुरबाडपर्यंत गाडी नुसती डुलत होती. बाबा प्रत्येक खड्ड्याला आकडा देत होते, दहापैकी सात, दहापैकी आठ.

फाट्यावर मी थांबलो. पुढचे सहा किलोमीटर म्हणजे डांबर असल्याची अफवा. बाबांना विचारलं, जाऊ ना? दुखलं तर इथूनच वळता येईल, काका फाट्यावर येतील भेटायला, मी त्यांना तसं सांगूनच ठेवलंय.

"तू खाली उतर," बाबा म्हणाले, "नाहीतर गप चालव."

पस्तीस मिनिटं लागली. पहिल्या गिअरमध्ये ओढा उतरलो, चढलो. चाकं एकेक करून खड्ड्यात जात होती आणि केबिन जागच्या जागी हळूच वाकत होती. बाबांचा हात मुठीला नव्हता. तो खिडकीबाहेर होता आणि कोणाचं शेत कोणाला विकलं गेलं ते दाखवत होता. त्यातली निम्मी माहिती दोन वर्षं जुनी निघाली.

काका ओटीवरून उठले आणि आधी गाडीभोवती फिरले. मग भावाच्या पाठीवर हात ठेवला, जपून, काच असल्यासारखा. दुपारी वालाच्या शेंगा, भाकरी, सुकट. चारला मी म्हटलं, निघू या, उजेडात ओढा ओलांडलेला बरा. बाबा म्हणाले, तुम्ही निघा.

मी विचारलं, म्हणजे?

"मी राहतो चार दिवस."

मी गोळ्यांचं विचारलं. आईने पिशवी उघडून दाखवली. रस्त्यात गाडी अडकली, कंबर धरली, ओढ्याला पाणी आलं, अशा सगळ्या शक्यता धरून मीच त्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या भरल्या होत्या. पट्टा होता, मलम होतं, गरम पाण्याची पिशवी होती. बाबांना घरी परत नेण्यासाठी माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं.

"मग मी पण राहते," आई म्हणाली, आणि चप्पल काढली.

तर परतीचा प्रवास मी एकट्याने केला. रिकाम्या गाडीत, ताशी वीसने, सवयीने. मोहन्यात घरी पोचून कुलूप उघडलं, वहीत किलोमीटर लिहिले, भात लावला आणि तो तिघांचा लावला.

सस्पेन्शन घेण्यासारखं आहे का, असं विचाराल तर हो. फक्त मागे काय वाहायचंय ते दुकानात खरं सांगा. काल फोन केला, कधी न्यायला येऊ विचारायला. काकांनी घेतला. बाबा शेतावर गेले होते. काका म्हणाले, दादाने घाई नाही म्हणून सांगितलंय, आणि येताना दुसरी उशी आण.