अतिकोमल गंधाराचा क्रमांक

देसाईकाका गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी रिक्षात होते, पंचकुल्यातल्या त्यांच्या घरून सेक्टर १७ मधल्या छापखान्याकडे निघालेली. अर्ध्या तासापूर्वीच मी काकांशी धडधडीत खोटं बोलले होते...

काका हवाई दलाच्या बँडमधून निवृत्त झालेले. गुरूंकडून मिळालेल्या बंदिशी पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायची सवय त्यांना बँडनेच लावली. हृदय कधीही दगा देईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याआधी त्या बंदिशींचं पुस्तक व्हावं, एवढाच त्यांचा ध्यास. मोहालीतली नोकरी सांभाळून टायपिंग मी करायचे. अडलं ते दरबारी रागातल्या गंधारावर. "कोमल नाही गं, त्याच्याही खाली! नेहमीचं चिन्ह चालणार नाही." काका हट्टाला पेटले. मग मी नवं चिन्ह काढलं आणि फॉन्टमधल्या एका रिकाम्या क्रमांकावर बसवलं. फाइलला फक्त क्रमांक कळतो, चित्र फॉन्ट पुरवतो. छापखान्याला फाइल दिली आणि सोबत माझा फॉन्ट द्यायलाच विसरले. त्यांच्या फॉन्टमध्ये त्याच क्रमांकावर स्वर चढवणारं चिन्ह होतं.

हे मला कळलं ते काकांच्या पलंगाशी बसून, छापखान्याने त्यांच्याकडे पाठवलेलं प्रूफ चाळताना. उतरायचा तो गंधार पानोपानी वर चढलेला! छपाई त्याच दुपारी सुरू होणार होती.

"गंधार बघितलेस?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हो काका. पक्के."

"नीट बघ एकदा..."

"सगळे बरोबर आहेत."

खरं सांगितलं आणि धक्क्याने काही झालं तर, ही भीती. दाराशी उभ्या काकूंचा निरोप घेऊन, छपाई थांबवून फॉन्ट द्यायला मी धावतच बाहेर पडले. वाटेत तो फोन आला. रिक्षावाल्याने विचारलं, "वापस चलें, मॅडम?" मी म्हटलं, "नहीं, सीधे चलो." याची मला अजून लाज वाटते.

छापखान्याचे सरदारजी मशीन बंद ठेवून बसले होते. "अंकल जी का सवेरे फोन आया था. बोले, गंधार उलटे छप रहे हैं, गलती मेरी है, छपाई रोक दो. बच्ची को कुछ मत कहना."

म्हणजे मला विचारलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी कबूल करावं म्हणून दोनदा वाट करून दिली त्यांनी...

पुस्तक गेल्या आठवड्यात आलं, बिनचूक. काकूंनी पहिली प्रत त्यांच्या रिकाम्या पलंगावर, उशीशी ठेवली आणि माझा हात धरून म्हणाल्या, "सगळे बरोबर आहेत म्हणालीस ना, म्हणून सुखाने गेले बघ."