खजुराच्या डब्यासाठी वाळवंट

सूर्य ढगाखालून बाहेर आला आणि वाळूच्या चढावर पावलांची रांग उठून दिसली. पायथ्यापासून वरच्या धारेपर्यंत, गोधडीला टाके घातल्यासारखी. उजेड फार तर दहा मिनिटं टिकणार होता. कल्याणीने कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि विचारलं, "वर कोण गेलं होतं?"

मी गेले होते. मी चपलांतली वाळू झटकली.

काम मिस्टर टॅन यांचं. ते खजूर विकतात. डब्यावर त्यांना वाळवंट हवं होतं. आदल्या वर्षी त्यांनी कम्प्युटरकडून चित्र करून घेतलं आणि त्यात उंटाला पाच पाय निघाले. गिऱ्हाइकं हसली. म्हणून यंदा अट होती की खरा फोटो काढायचा आणि नंतर त्यातलं काहीही खोडायचं नाही. सिंगापूरची वाळू वाळवंटाची म्हणून खपवायला मात्र त्यांची हरकत नव्हती. बेडोकच्या पुढे बांधकामासाठी साठवलेल्या वाळूचे डोंगर आहेत. तिथे एका संध्याकाळची परवानगी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू न्यायला ट्रक येणार होते.

कल्याणी माझ्याकडे शिकली. माझा नवरा जहाजावर असायचा, तेव्हा मी इथे क्वीन्सटाउनच्या एका फोटोच्या दुकानात फोटो कापायला लागले. तिथून पासपोर्ट फोटो, मग आपल्या लोकांची बारशी आणि लग्नं. कल्याणी बँकेत होती. शनिवार-रविवार सहा वर्षं तिने माझ्या बॅगा उचलल्या. मग नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. मिस्टर टॅन आधी माझे गिऱ्हाईक होते. त्यांच्या दुकानातल्या डब्यांचे फोटो मीच काढायचे. नंतर त्यांना ईमेल, प्रेझेंटेशन असलं लागायला लागलं. मला ते येत नाही. तिला येतं. हे तिचं पहिलं मोठं काम होतं. ते फसलं असतं तर तिला बँकेत परत जावं लागलं असतं. हे तिनेच मला सांगितलं होतं.

तिने फोन केला. मावशी, रिफ्लेक्टर धरायला याल का, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही, म्हणाली. रिफ्लेक्टर म्हणजे चंदेरी कापडाचा गोल पडदा. त्याने उजेड हवा तिकडे वळवतात. पुढे खजुराचं ताट ठेवायचं होतं, त्यावर उजेड टाकायचा होता. मी हो म्हटलं. ती कुठे चुकते ते मला बघायचं होतं.

ती चुकेना. दुपारी चारला पोचलो तेव्हा ऊन अजून वरून येत होतं. अशा उन्हात वाळू सिमेंटच्या ढिगासारखी दिसते. ऊन कडेने आलं की प्रत्येक सुरकुतीची सावली पडते आणि वाळू उठून दिसते. तिने सूर्य डाव्या हाताला ठेवला. समोरच्या चढावर कोणी जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. स्टँडचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली डब्यांची झाकणं ठेवली. ही झाकणांची युक्ती माझी. बघून माझ्या पोटात दुखलं.

सहाच्या सुमाराला ढग आला. सगळे सिक्युरिटीच्या खोलीत पाणी प्यायला गेले. मी चढावर गेले. तिच्या जागेपेक्षा चांगली जागा शोधायची आणि ती मिस्टर टॅनना तिच्यादेखत दाखवायची, एवढंच डोक्यात होतं. वर पोचल्यावर वळून बघितलं. पावलं दिसली नाहीत. ढगाळ उजेडात सावली पडत नाही, त्यामुळे खड्डा असला तरी दिसत नाही. हे मी दहा जणांना शिकवलं आहे. त्या दिवशी मला ते आठवायचं नव्हतं.

वरूनच एक जागा दिसली. उत्तरेच्या टोकाला ढीग वळला होता आणि वाऱ्याने तिथे बारीक लाटा उठवल्या होत्या. तिच्या जागेपेक्षा कितीतरी चांगली. मी खुशीत खाली आले.

आणि ऊन पडलं.

कल्याणीला वाटलं सिक्युरिटी अंकलच वर गेला होता. ती त्याला बोलायला लागली. तो बिचारा मी नाही, मी नाही करत होता. मी त्याला बोलणी खाऊ दिली. दोन मिनिटं गेली असतील. इथला सूर्य आमच्या सांगलीसारखा रेंगाळत नाही, सरळ खाली जातो. मिस्टर टॅन घड्याळ बघत म्हणाले, "सो? कॅन ऑर नॉट?" जमणार की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

माझ्या बॅगेत माझा कॅमेरा होता. उत्तरेच्या टोकाला जाऊन फोटो काढावा आणि त्यांच्या हातात द्यावा. हात चेनवर गेलासुद्धा. पण माझे गुडघे. तिथवर जायला मला पंधरा मिनिटं लागली असती. आणि तो उजेड असा होता की तो कोणीच पकडला नाही, हे मला बघवलं नसतं.

"त्याला सोड. पावलं माझी आहेत," मी म्हटलं. "उत्तरेच्या टोकाला पळ. तिथून माझ्या पावलांचा चढ वळणामागे जातो. कॅमेरा गुडघ्याइतका खाली ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं. "मुद्दाम केलंत?"

"वर मुद्दाम गेले. पावलांचं लक्षात नव्हतं."

"तुमच्या? मावशी, तुमच्या लक्षात नव्हतं?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. स्टँड खांद्यावर टाकून पळाली. खजुराचं ताट घेऊन मिस्टर टॅन तिच्यामागे पळाले. मी रिफ्लेक्टर धरून तिथेच उभी राहिले. तिने अकरा फोटो काढले. चौथा डब्यावर आहे.

परत येताना इथल्या मेट्रोत, MRT मध्ये, ती माझ्या शेजारी बसली. बॅग पायाशी ठेवत म्हणाली, "जागा तुम्ही शोधलीत, हे टॅनना सांगू?"

"सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. ते "गुड, गुड" म्हणाले आणि मला खजुराचे दोन डबे पाठवले. डब्याच्या तळाला बारीक अक्षरात कल्याणीचं नाव आहे. ते वाचायला मला चष्मा लागतो. तरी मी वाचते.

ती अजून मला कामावर बोलावते. पोचल्याबरोबर खुर्ची देते आणि मी घरी निघेपर्यंत माझ्या पायांकडे लक्ष ठेवते. बरोबर करते. पाऊल दिसत नाही म्हणजे पडलं नाही, असं वाळूत होत नाही. चाळीस वर्षं फोटो काढून हे मला स्वतःला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.