उजवीकडून उतरलेला माणूस

"धरायचा न्हाई. नुसता सांगायचा."

गिअरच्या दांड्यावर तो उजव्या हाताचा तळवा नुसता ठेवायचा आणि हे म्हणायचा. बोटं मोकळी. दांड्यावर त्याची मूठ वळलेली मी कधी पाहिली नाही. बाकीचे डायव्हर दांडा असा ओढतात की जणू बैलाची वेसण. ह्याचा दांडा आपोआप जागेवर जायचा आणि आवाज यायचा तो पेटीचं कुलूप लागावं एवढाच.

त्याचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. कोपरगावात सगळे त्याला हवालदार म्हणत. फौजेत तो साधा डायव्हर होता, पण फौजेतून आलेला प्रत्येक माणूस आपल्याकडं हवालदारच असतो. कुणी हाक मारली की आधी दुरुस्ती करायचा, "हवालदार न्हाई, डायव्हर," आणि मग ओ द्यायचा. लायसन वरच्या खिशात, मेणकापडात गुंडाळलेलं. कुणी मागितलं नसलं तरी दाखवायचा. "बगा मेस्त्री, इतकी वर्सं झाली, एक शेरा न्हाई ह्याच्यावर." मी कितव्यांदा 'वा' म्हणत असेन कुणास ठाऊक.

राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले तेव्हा गुजरातेतल्या कुठल्याशा संस्थानिकानं आपल्या गाड्या विकायला काढल्या. आमच्याकडच्या एका बड्या बागाईतदारानं त्यातली एक आणली. विलायती, लाल, दोनच माणसांची, उंचीला माझ्या कमरेएवढी. पहिल्या दिवशी कुणी तरी रेडिएटरला पाणी घालावं म्हणून पुढचं झाकण उघडलं, तर आत जादा चाक आणि एक कातडी पिशवी. इंजिन मागं, सीटच्या पाठीशी. लोक म्हणाले, "मालकांनी उलटी गाडी आनली."

तिच्या आणखी दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. एक, स्टेअरिंग डावीकडं. आपल्या गाडीत डायव्हर उजवीकडं बसतो, हिच्यात तिथं मालक बसायचे. दुसरी, आपल्याकडच्या गाडीचा पहिला गिअर जिथं असतो, डावीकडं वर, तिथं हिचा रिव्हर्स. पहिला त्याच्या खाली. मालकांनी तीन डायव्हर बोलावले. तिघंही पुढं जायला म्हणून मागं गेले आणि तसेच घरी गेले. हा आला, बसला आणि सरळ वाड्याच्या फाटकातून बाहेर पडला. फौजेत ह्यानं लढाईतून उरलेल्या अमेरिकन जीपा चालवल्या होत्या. त्यांचंही स्टेअरिंग डावीकडं आणि गिअरही असेच. साऱ्या तालुक्यात ती गाडी चालवू शकणारा हा एकटा आणि तिला हात लावू शकणारा मेस्त्री मी एकटा. मी चौथीत शाळा सोडलेली, पण लोखंड मला वाचता येतं, असं मी तेव्हा म्हणायचो. आताही म्हणतो.

गाडी नखऱ्याची. सकाळी गार असली की दुसरा गिअर पडायचाच नाही. पहिल्यावरून थेट तिसरा टाकायचा, तेल तापलं की मग दुसरा घ्यायचा. हवालदार म्हणायचा, "दुसरा च्या पिल्याबिगर उठत न्हाई."

आणि ती सीट! जमिनीपासून वीतभर उंच, खोलगट, काळ्या कातड्याची. हा गडी सहा फुटी. बसला की गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही अंगांना उभे, पाठीला इंजिनाची धग, खाली तापलेलं कातडं. फौजेत कंबर आधीच दुखावलेली. उतरायचा तो तीन टप्प्यांत: आधी पाय, मग टपावर हात, मग बाकीचा हवालदार. सदऱ्याच्या पाठीवर सीटच्या शिवणी घामानं उमटलेल्या असायच्या. त्यानं कमरेशी पंचाची घडी ठेवून पाहिली. मालक म्हणाले, कातड्याला डाग पडतो. घडी गेली.

मी एकदा विचारलं, "कशी काय वाटती सीट?"

"साहेबाच्या ढुंगनाचं माप घेऊन शिवल्याली हाय, मेस्त्री. आपल्याला पुढच्या जन्मी बसंल."

मी सीटच्या पुढच्या अंगाला बाभळीचा ठोकळा मारून दिला. मांड्यांना आधार मिळाला, पण डोकं टपाला लागायला लागलं. तो म्हणाला, "काय तरी एक दुखू द्या म्हनावं, दोन्ही नगं," आणि महिनाभर मान वाकडी करून ती गाडी चालवली. ठोकळा काढा असं मला म्हणाला नाही. मी लावला होता ना.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पाटाचं पाणी जिथं पोचत नाही त्या गावांतली माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसली. हवालदाराचं गाव नगर जिल्ह्यातच, कर्जतकडचं. तिथं त्याची बायकोसुद्धा असाच हातोडा घेऊन बसली होती. आमच्या रस्त्यावरून लाल गाडी जायची तेव्हा कडेला दोन्ही बाजूंनी तोंडाला फडकी बांधलेल्या बाया. गाडी पळाली की फुफाटा उडून त्यांच्या भाकरीत जाणार. म्हणून हवालदार तिथं गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून बैलगाडीच्या चालीनं न्यायचा.

मालक कावायचे. "पळव की रं! कशाला आनलीय ही?"

"दुसरा पडंना मालक. गार हाय."

वैशाखात, भर दुपारी.

मालकाला वाटलं गिअरबॉक्स गेली. गाडी माझ्याकडं पाठवली. हवालदारानं खरं काय ते मला सांगून टाकलं. "दुसऱ्याला काय बी झालेलं न्हाई, मेस्त्री. मी थाप मारलीया. उघडू नगा. चार रोज ठेवा आन् बरी झाली म्हना."

उघडायची गरज नव्हती, हे मलाही कळत होतं. पण विलायती गिअरबॉक्स तालुक्यात कुणी उघडली नव्हती. मी म्हणालो, "मालकांनी पाठीवलीय. न बघता परत देनारा मी मेस्त्री न्हाई." उघडली. आत सगळं ठाकठीक होतं. चकचकीत दात, मोजून ठेवल्यासारखे. पण वरची पट्टी काढताना हातोडीचा एक घाव तिरका बसला आणि रिव्हर्सच्या वाटेवरची स्प्रिंगची खिट्टी मोडली. ती खिट्टी एवढ्यासाठीच की दांडा चुकून वर रिव्हर्सला जाऊ नये. तसली दुसरी मिळणार कुठून? मी राहिलेला तुकडा कानशीनं घासला, इतका गुळगुळीत केला की तिथं काही होतं हे कुणाला समजू नये.

हवालदारानं तळवा ठेवला मात्र, त्याला समजलं.

"मेस्त्री, खिट्टी कुठं हाय?"

"लागत न्हाई ती."

"मला न्हाई लागत. दुसऱ्याला लागंल. मालकाला सांगू या. नगरला लेथवर करून मिळंल."

मी म्हणालो, "सांग. मग तुझी दुसऱ्या गिअरची थापबी मी सांगतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. एखादा नट आटे चुकून बसलेला दिसला की आपण बघतो तसा. मग म्हणाला, "बरं. कुनाच्या हातात गाडी द्यायची न्हाई, एवढं मी बगतो."

तेवढं एक त्याच्या हातात नव्हतं. मालकांचे चिरंजीव पुण्याहून आले. तिथं कुणा मित्राच्या गाडीवर शिकलेले. खडीच्या कामावर त्या दिवशी सुकडी वाटायची होती, म्हणून ते हवालदाराला गाडी काढायला लावून निघाले आणि वाटेत त्याला म्हणाले, "सरक." हा नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला, मग उतरून उजवीकडं मालकाच्या जागेवर जाऊन बसला. कामावर पोचेपर्यंत त्यानं तोंडानं एकेक गिअर सांगितला. वाटप झालं. पुन्हा निघायच्या वेळी बघायला शंभर माणसं. चिरंजीवांना आता सांगणारा नको होता. हवालदार "खाली, खाली!" म्हणेपर्यंत त्यांनी दांडा वर लोटला. खिट्टी असती तर तो तिथंच अडला असता. अडला नाही. जोरात ॲक्सिलेटर दिला आणि गाडी मागं सुटली, ती पाण्याच्या पिंपांवर. दोन कोसांवरून आणलेलं पाणी रस्त्यावर सांडलं. बाया ते ओंजळीनं धुळीतून उचलायला लागल्या. पिंपांपाशी उभा असलेला म्हातारा पाणक्या खाली अडकला, त्याचा पाय गुडघ्याच्या वर मोडला.

फुफाटा खाली बसला तेव्हा लोकांनी पाहिलं, गाडीच्या उजव्या बाजूनं हवालदार धावत उतरला आणि त्यानं पाणक्याला बाहेर ओढलं.

आता बघा. त्या शंभर माणसांतला एकही खोटं बोलला नाही. फौजदारानं विचारलं, डायव्हर कोण होता? सगळे म्हणाले, उजवीकडनं उतरला तो. मुकादम म्हणाला, उजवीकडनं उतरला तो. पाय मोडलेला पाणक्या कण्हत म्हणाला, "मला वढून काडला त्योच. उजवीकडं बसला हुता." त्यांनी जन्मात जेवढ्या गाड्या पाहिल्या, त्यांचा डायव्हर उजवीकडंच बसतो. आणि गाडी तोपर्यंत ताडपत्री बांधून मालकांच्या ट्रकवरून पुण्याला गेली होती.

मालकांच्या ओसरीवर खुर्ची-टेबल टाकून फौजदार लिहीत होता. हवालदार समोर उभा. "साहेब, तिचं स्टेअरिंग डावीकडं हाय. मी चालवत नव्हतो."

फौजदार हसला. "आता स्टेअरिंगबी डावीकडं नेलंस व्हय रं? उद्या म्हनशील, गाडी छपरावर बसून चालीवत्यात."

ओसरीवर सगळे हसले. हवालदार हसला नाही. "मेस्त्रीला इचारा," एवढंच म्हणाला.

मला बोलावलं. लोक समजतील मी मालकाला भ्यालो. मालकाला मी कधीच भ्यालो नाही, त्यांच्या तोंडावर चारदा बोललेलो आहे. मला दिसत होता तो पुढचा सवाल. स्टेअरिंग डावीकडं होतं म्हणालो, तर चिरंजीव चालवत होते हे ठरलं. मग चिरंजीव म्हणणार, गिअर आपोआप रिव्हर्सला गेला. मग कुणी तरी गिअरबॉक्स उघडणार. माझी कानस त्यांना दिसणार.

फौजदारानं विचारलं, "गिअरबॉक्स तुमी बांधली? नीट हुती?"

"नीट हुती. माझ्या कामात खोट न्हाई."

"आन् हा म्हनतो त्या स्टेअरिंगचं काय?"

"माझं काम गिअरबॉक्सचं. बाकीचं मला ठाव न्हाई."

हवालदारानं माझ्याकडं मान वळवून पाहिलं. खिट्टीचा शब्द तो त्या वेळीही बोलू शकत होता. बोलला नाही. मेणकापडातून लायसन काढलं आणि फौजदारानं मागायच्या आधी टेबलावर ठेवलं. पुढं कोर्टात माझा जबाब वाचून दाखवला. मी बरोबर म्हणालो. लायसन रद्द झालं, वर थोडी सजाही झाली. ती भोगून तो गावाकडं गेला.

तुम्हीही आयुष्यात असं एखादं 'बरोबर' म्हणाला असाल. नसाल तर चांगलंच.

पाऊस झाला त्या साली दिवाळीनंतर मी कर्जतला गेलो, तिथून त्याच्या गावाला. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. माफी मागायला गेलो नव्हतो. मी कुणाची माफी मागितलेली नाही. अंगणात तो दुसऱ्याच्या शेतासाठी सुंभ वळत बसला होता. मला बघून उठला, तांब्या दिला, घोंगडं अंथरलं, बायकोला म्हणाला, "कोपरगावचे मेस्त्री आल्यात. च्या टाक."

चहा झाला. बायको कपबशी उचलता उचलता थांबली. म्हणाली, "भाऊ, तुमी तिथलं हायसा, म्हनून इचारते. हे म्हनत्यात, गाडी मी चालवत नव्हतो. गावात कुनी खरं मानत न्हाई. पोरीच्या सोयरिकीला लोक त्येच काडत्यात. खरं काय हाय?"

तो सुंभाकडं बघत होता.

मी म्हणालो, "खरं हाय. ते चालवत नव्हते."

तिनं कपबशी खाली ठेवली. "मग त्या वक्ताला का न्हाई बोल्ला?"

   मी पिशवीकडं हात नेला.

तोच उठला. माझी पिशवी त्यानं खांद्याला लावली. "ऱ्हाऊ दे गं. त्यांची यष्टी चुकंल," म्हणाला आणि चालायला लागला. मी मागनं.

फाटा अर्ध्या कोसावर.  फाट्यावर त्यानं पिशवी ठेवली आणि उभा राहिला. आता तो या जगात नाही. गेला तेव्हाही मला कुणी कळवलं नाही, नंतर उडत उडत कानावर आलं. त्याच्या बायकोला सोडून मी हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, आज तुम्हाला सांगतो.

यष्टीला अजून दोन तास होते. ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी पाहुण्याला एकटं सोडून तो गेला नाही. दोन तास, उन्हात, माझ्याशेजारी, न बोलता उभा राहिला.